परत करण्याच्या बोलीवर

ज्या यंत्राची ही हकिगत आहे त्याबद्दल कुठेही, कोणापाशीही, कोणत्याही स्वरूपात बोलणार नाही, असं मी चौदा पानांच्या करारावर सही करून दिलं होतं. त्या कराराची मुदत आता संपली आहे. शिवाय यंत्र घरात आल्यापासून आठ दिवसांत आमच्या इमारतीत त्याबद्दल सगळ्यांत कमी माहिती असलेला माणूस मीच उरलो होतो, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

मी घरी बसून प्रोग्रॅम लिहितो. यातलं 'घरी बसून' एवढंच लोकांना ऐकू येतं, पुढचं कोणी ऐकत नाही, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. माझ्या एकाच प्रोग्रॅमला गिऱ्हाईक आहे. ज्यांचा आवाज गेला आहे त्यांनी टाइप करायचं आणि संगणकाने ते बोलून दाखवायचं, असा तो प्रोग्रॅम. एकूण एक्केचाळीस माणसं तो वापरतात आणि त्यातलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माझा थोरला भाऊ.

दादा एकोणतीस वर्षं बस स्थानकावर उद्घोषक होता. गाडी कुठून सुटणार, किती उशिरा सुटणार आणि सुटणारच नसेल तर का, हे तो अशा भरदार आवाजात सांगायचा की रद्द झालेल्या गाडीचे प्रवासीसुद्धा शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी घशाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. मी स्थानकावरच्या जुन्या टेपा मागून आणल्या, त्यातले शब्द कापून कापून प्रोग्रॅममध्ये भरले. त्यामुळे दादाने टाइप केलेला शब्द टेपेवर असेल तर त्याच्या स्वतःच्या आवाजात येतो आणि नसेल तर यंत्राच्या, सर्दी झालेल्या आवाजात. 'फलाट क्रमांक', 'उशिरा', 'कृपया नोंद घ्यावी' हे खणखणीत यायचं. 'चहा', 'गुडघा', 'पोरगी' हे सर्दीत. माझी बायको चहा घेऊन जायला विसरली की समोरच्या घरातून आवाज यायचा, "चहा अनिश्चित काळासाठी रद्द. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." दादाचं घर जिन्याच्या त्या बाजूला, आमचं या बाजूला, आणि दारं दिवसभर उघडी. वहिनी जाऊन बारा वर्षं झाली. मुलगी परदेशात नोकरीला. तिचा दर रविवारी फोन यायचा आणि दादा त्यावर यंत्रातून बोलायचा.

असं सगळं सुरळीत चालू असताना संगणकाच्या कंपनीने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून आपल्या संगणकांत वेगळ्याच जातीचा प्रोसेसर असेल. प्रोसेसर म्हणजे संगणकाचं डोकं. डोकं बदललं की त्याला समजणारी भाषाही बदलते. जुने प्रोग्रॅम दुभाष्यामार्फत चालतील, असं कंपनीने गोड शब्दांत सांगितलं होतं. पण दुभाषा मध्ये बसला की बोलणं अडखळत येतं, आणि अडखळायचंच असेल तर माझा प्रोग्रॅम कशाला हवा. त्यातून आवाजाचा सगळा भाग माझ्या पूर्वीच्या भागीदाराने थेट जुन्या प्रोसेसरच्या भाषेत लिहून ठेवलेला. हा भागीदार आता मधमाश्या पाळतो. मी त्याला सविस्तर पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "मला आता त्यातलं काही आठवत नाही. फार बरं वाटतं."

दादाचा संगणक नऊ वर्षांचा होता आणि हल्ली सुरू व्हायला दोन-तीनदा नाही म्हणायचा. म्हणजे घाई होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी कंपनीने एक सोय काढली होती. जुन्या संगणकाच्या खोक्यात नवं डोकं बसवलेलं चाचणीचं यंत्र मिळेल. त्याचे पैसे आधी भरायचे, यंत्र मात्र कंपनीचंच राहणार, आणि कंपनीने सांगितल्यापासून दहा दिवसांत ते परत करायचं. पैसे देऊन वस्तू आपली होत नाही, हे मला लग्नातल्या भेटींवरून माहीत होतं, पण लेखी स्वरूपात पहिल्यांदाच पाहिलं.

अर्जात 'प्रयोगशाळेचं वर्णन' असा रकाना होता. मी लिहिलं, 'स्वतंत्र, कुलूपबंद, मर्यादित प्रवेश.'

"ही प्रयोगशाळा कुठे आहे?" बायकोने खांद्यावरून वाचत विचारलं.

"अडगळीची खोली."

"तिथे माझं शिवणयंत्र आहे."

"ते हलवावं लागेल. करारानुसार यंत्र इतर कोणाच्या नजरेला पडता कामा नये."

"शिवणयंत्राच्यासुद्धा?" ती म्हणाली, आणि पुढचे तीन दिवस माझ्याशी मर्यादित बोलली.

अर्ज मंजूर झाला. यंत्र निघालं. आणि सीमाशुल्क कार्यालयात येऊन अडकलं.

तिथल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढे दोन मोठे शिक्के, एक लहान शिक्का आणि माझा कागद होता. त्यांनी विचारलं, "वस्तू काय?"

"संगणक."

"नवा की वापरलेला?"

मी प्रामाणिक माणूस आहे आणि आयुष्यात बहुतेक ठिकाणी तिथेच माझं घोडं अडलं आहे. "खोकं जुन्या पद्धतीचं आहे, आतला भाग नवा आहे. तो अजून बाजारात आलेला नाही," मी म्हणालो.

"बाजारात नाही तर त्याची किंमत कशी ठरवायची?"

"मी पैसे भरलेत, त्याची पावती आहे."

"म्हणजे तुम्ही विकत घेतलाय."

"नाही. तो कंपनीच्या मालकीचा आहे. परत करायचाय."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "तुमचा नाही, तर तुम्ही का आलात?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी मला एकूण पाच फेऱ्या माराव्या लागल्या. तिसऱ्या फेरीत त्यांनी खोकं उघडून पाहायचं म्हटलं. मी कराराचं सातवं पान दाखवलं; तिऱ्हाईताला आतला भाग दाखवायला बंदी आहे. बाईंनी ते पान शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "जे दाखवता येत नाही ते सोडता येत नाही." चौथ्या फेरीत त्या रजेवर होत्या. पाचव्या फेरीत त्यांनी मला विचारलं की हे यंत्र नेमकं करणार काय, आणि मी थकून दादाची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग वस्तूच्या रकान्यात 'संगणकासारखी वस्तू, एक नग' असं लिहिलं आणि लहान शिक्का मारला. पावणेदोन महिने त्या लहान शिक्क्यावाचून गेले होते.

यंत्र वर चढवताना खालच्या मजल्यावरचे तपासनीस दारात उभे होते. हे गृहस्थ विमा कंपनीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर जळालेली दुकानं आणि बुडालेला माल तपासल्यामुळे कोणतीही धडधाकट वस्तू दिसली की ती बनावट असणार असं त्यांना वाटतं.

"काय आणलंत?" त्यांनी विचारलं.

"सांगता येणार नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी उच्चारायला नको होतं. 'जुना पंखा' म्हणालो असतो तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. संध्याकाळपर्यंत अडगळीच्या खोलीला नवं कुलूप लागलेलं त्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः सल्ला घेऊन वर आले. खोलीला कुलूप लावायचं असेल तर बाहेरून लावू नये, आतून लावावं. बाहेरून लावलं की आत काहीतरी आहे हे कळतं. मी विचारलं, मग मी बाहेर कसा येणार. ते म्हणाले, तो प्रश्न त्यांच्या अनुभवाबाहेरचा आहे.

खरा घोळ पुढे झाला. जुना प्रोसेसर कोणताही आकडा मोठ्या बाजूने वाचायचा आणि नवा तोच आकडा लहान बाजूने वाचतो. एकवीस लिहून ठेवले तर नव्याला बारा दिसतात. संगणकात साठवलेला आवाज म्हणजे आकड्यांची भली मोठी रांगच असते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ते कानाने कळलं शुक्रवारी सकाळी अकराला, जेव्हा मी नव्या यंत्रावर दादाचा आवाज पहिल्यांदा लावला आणि खोलीतून अशी किंकाळी बाहेर पडली की स्वयंपाकघरात बायकोच्या हातून पातेलं सुटलं. मी घाईने आवाज कमी करायला गेलो आणि वाढवला.

दहा मिनिटांत तपासनीस आणि त्यांच्या पत्नी दारात. पत्नी साक्षीदार म्हणून आल्या असाव्यात.

"तुमच्याकडे कोणाला काही त्रास होतोय का?" तपासनिसांनी विचारलं.

"नाही. काम चालू आहे."

"कसलं?"

तेवढ्यात आवाज ऐकून दादा समोरच्या घरातून बाहेर आला. त्याचा घसा पट्टीने झाकलेला, चेहरा पांढरा, तोंड उघडं आणि आवाज नाही. तपासनिसांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कुलपाकडे, मग माझ्याकडे. चाळीस वर्षांच्या नोकरीत एवढा स्पष्ट दावा त्यांच्यापुढे आला नसेल.

सोमवारी जिन्यात सूचना लागली: 'काही सदनिकांमधून येणाऱ्या अमानवी आवाजांबाबत रहिवाशांनी जागरूक राहावे.' तिच्यासमोरून माझ्या बायकोला दररोज वर-खाली करावं लागत होतं. "अमानवी म्हणजे तुम्ही की यंत्र?" तिने विचारलं. मी करारावर बोट ठेवलं. माझं चारचौघांतलं नाव त्या आठवड्यात जे गेलं ते अजून पुरतं परत आलेलं नाही. दूधवाला अजूनही पैसे हातात घेत नाही, उंबऱ्यावर ठेवायला सांगतो.

त्याच आठवड्यात दादाचा जुना संगणक गेला. दादाने सकाळी बटण दाबलं, आत काहीतरी एकदा फिरलं आणि थांबलं. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि ज्या हळुवारपणे झाकण परत लावलं त्यावरूनच मी समजलो. तसला संगणक आता कुठे मिळत नव्हता, आणि नव्यावर माझा प्रोग्रॅम अजून किंचाळत होता.

दादाला मी पांढरी पाटी आणि पुसायची लेखणी आणून दिली. तो लिहायचा. पण पाटी वाचायला समोरच्याने थांबावं लागतं, आणि लोक थांबत नाहीत. तपासनीस चष्मा विसरलो म्हणायचे. मी स्वतः अडगळीच्या खोलीत बसलेला असायचो. तो पाटी घेऊन दारात यायचा, मी "एक मिनिट" म्हणायचो आणि वळून पाहायचो तेव्हा तो गेलेला असायचा. त्या रविवारी फोन वाजला. दादाने उचलला, पोरीचं "बाबा" ऐकलं आणि लेखणीने रिसीव्हरवर टकटक केली. ती विचारत गेली, हा टकटक करत गेला. पाच मिनिटांनी त्याने फोन माझ्या हातात दिला.

"काका, काय झालंय?" ती म्हणाली.

"यंत्र बिघडलंय. दुसऱ्यावर काम चालू आहे."

"किती दिवस?"

"थोडे," मी म्हणालो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हा शब्द वापरला की काय समजायचं ते तिला घरच्या माणसामुळे ठाऊक होतं. पुढच्या बुधवारी ती तीन आठवड्यांची रजा काढून दारात उभी राहिली. पाच वर्षांत पहिल्यांदा.

ती आली तसं समोरच्या घरातलं वातावरण बदललं. ती दादाच्या शेजारी बसून पाटी वाचायची, उत्तर तोंडाने न देता तिच्यावरच खाली लिहायची. दोघं दुपारभर असे शाळेतल्या बाकावर बसल्यासारखे बसलेले दिसायचे. मध्येच पोरगी हसायची, दादाचे खांदे हलायचे. मला बरं वाटायचं आणि थोडं अपमानित झाल्यासारखंही. नऊ वर्षं राबून केलेल्या प्रोग्रॅममुळे दादाचे खांदे असे कधी हलले नव्हते.

ती आल्यावर चौथ्या दिवशी मला चूक सापडली. भागीदाराने प्रत्येक शब्दाची लांबी दुसऱ्याच एका तक्त्यात लिहून ठेवली होती आणि तिथले आकडे मी उलटवले नव्हते. उलटवले. आवाज अगदी बारीक ठेवला. यंत्र म्हणालं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," आणि तो माझ्या भावाचा आवाज होता, पूर्वीपेक्षाही स्वच्छ. मी खुर्चीत बसून राहिलो. मग जाऊन दादाला खुणेने बोलावलं, आत घेतलं, दार लावलं.

त्याने बसून टाइप केलं, "एक दोन तीन." यंत्राने म्हटलं. त्याने डोळे मिटून घेतले. मग पुन्हा टाइप केलं. यंत्र म्हणालं, "तिला सांगू नकोस."

"का?" मी विचारलं.

"आवाज आला की ती जाईल. फोनवर बोलू म्हणेल."

'जाईल' त्याच्या स्वतःच्या आवाजात आलं, बाकीचं बहुतेक सर्दीत.

"दादा, ती तुझ्यासाठीच आली आहे."

"आवाज नाही म्हणून आली आहे. तुझ्या करारात गुप्तता आहे ना? मग पाळ."

पुढचे सतरा दिवस मी तो करार पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने पाळला. दादा रोज सकाळी 'चाचणीला मदत' म्हणून तासभर आत यायचा. दार लावून, आवाज बारीक करून तो माझ्याशी बोलायचा, आणि कित्येक वर्षांचं साचलेलं बोलायचा. मी "एक मिनिट" म्हणतो आणि वळत नाही, हे त्याने मला तिथे सांगितलं. वहिनीच्या शेवटच्या दुखण्यात तो रोज कामावर जात राहिला, कारण स्थानकावर निदान बोलायला मिळायचं, हेही सांगितलं. बाहेर आला की पाटी घेऊन मुका. मी पुतणीच्या नजरेला नजर देणं टाळायचो. "काका, जमतंय का?" ती विचारायची. "जवळ आलंय," मी म्हणायचो. बायकोने तर माझ्याकडे पाहणंच सोडलं होतं. तिला सगळं माहीत होतं. त्या घरात मी सोडून कोणापासून काही लपलेलं नसतं.

मग कंपनीचं पत्र आलं. नवे संगणक ठरल्यापेक्षा लवकर बाजारात येत आहेत, तरी चाचणीचं यंत्र आतली साठवणीची तबकडी पुसून दहा दिवसांत परत करावं. खोकं न्यायला माणूस मंगळवारी येणार होता. पुतणीचं विमान गुरुवारी होतं. नवा संगणक मी मागवून ठेवला, तो मिळायला किमान महिना.

मंगळवारी सकाळी दादा आत येऊन बसला.

"तिला बोलावू का?" मी विचारलं. "दुपारपर्यंत वेळ आहे. तिच्याशी समोरासमोर बोलून घे."

त्याची बोटं कळफलकावर होती. मग यंत्र बारीक आवाजात म्हणालं, "आता काय सांगू? की सतरा दिवस बोलता येत होतं?"

तो उठला. मी तबकडी पुसली. खोकं न्यायला आलेल्या माणसाने विचारलं, आत काय आहे. "संगणकासारखी वस्तू," मी म्हणालो. त्याने तसंच लिहून घेतलं. जिन्यात तपासनीस उभे होते. खोकं खाली जाताना त्यांनी बाजूला होऊन वाट दिली आणि, का कोण जाणे, मान खाली घातली.

गुरुवारी निघताना दादाने पाटीवर 'नीट जा' एवढंच लिहिलं. ती वाकली, ते वाचलं, त्याच्याखाली 'हो' लिहिलं. दादाने हात वर केला. ओठ हलले, अठ्ठावीस वर्षं हाक मारलेलं तिचं नाव असेल. आवाज अर्थातच नव्हता, आणि तो ज्या यंत्रात होता ते दोन दिवसांपूर्वी गेलं होतं.

मी बॅग घेऊन तिच्याबरोबर खाली गेलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली.

"काका, मला माहीत होतं."

"काय?"

"आवाज जमला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऐकलं. मी तुमच्याकडे साखर मागायला आले होते. काकूने मला दाराशी पाहिलं आणि काही न बोलता आत गेली."

मी बॅगेचं हँडल या हातातून त्या हातात घेतलं. "मग बोलली का नाहीस?"

"ते बोलले नाहीत म्हणून," ती म्हणाली. "त्यांना सांगू नका. नाहीतर पुढच्या वेळी मला बोलवायला त्यांना खरंच आजारी पडावं लागेल." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. मग गाडीत बसली.

मी सांगणार नव्हतोच. पण दादा त्या दिवसापासून जेवेना. ताट समोर घेऊन बसायचा आणि तसंच बाजूला सारायचा. चौथ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो खिडकीशी बसला होता, पाटी मांडीवर, न जेवलेलं ताट पुढ्यात. मी दारातूनच "एक मिनिट, आलोच" म्हणणार होतो, पण आत जाऊन बसलो. त्याने लिहिलं, 'पोरीला फसवलं मी.' मी वाचेपर्यंत त्याने पुसलं नाही. उलट त्याखाली रेघ ओढली.

"नाही फसवलंस," मी म्हणालो. "तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. दाराबाहेरून ऐकलं तिने."

मला वाटलं त्याचा जीव हलका होईल, निदान रागावेल तरी. त्याने अंगठ्याने ओळ पुसली, रेघही पुसली, आणि अगदी सावकाश, शाळेत काढतात तशा अक्षरात लिहिलं, 'मग ती राहिली कशाला?'

पाटी त्याने माझ्यापुढे धरली. मला बोलता येतं. स्वरयंत्र शाबूत आहे, शब्द पाहिजेत तेवढे आहेत. मी त्या पाटीकडे पाहत बसलो. दादाही उत्तराची वाट पाहत बसला. मग मी त्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं, गार झालेल्या पोळीचे दोन भाग केले आणि एक त्याच्या हातात दिला. तो त्याने खाल्ला.